ठसका लागणाऱ्या मुलाला भरवताना: बैठक, घास, घोट आणि घरात लावायचा कागद

जेवताना मुलाला ठसका लागला की आपल्याकडे ‘वर बघ, वर बघ’ म्हणत टाळूवर थापट्या मारतात आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावतात. धडधाकट मूल यातून सहज निभावतं. ज्याला गिळायचा त्रास आहे, त्याच्यासाठी मात्र या दोन्ही गोष्टी घातक आहेत. मान वर गेली की श्वासनलिकेचं तोंड आणखी उघडतं आणि तोंडात उरलेला घास सरळ तिकडे घसरतो. वरून दिलेलं पाणी त्याच्या मागोमाग जातं. अशा वेळी मुलाला कमरेतून पुढे झुकवावं, खोकू द्यावं, तोंडातलं बाहेर पडू द्यावं. श्वास पूर्ववत होईपर्यंत घास नको आणि पाणीही नको.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ज्या घरांत असं मूल आहे, त्या घरातल्या आई-वडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी, तसंच अंगणवाडी ताई आणि आशा कार्यकर्तींसाठी हे लिहिलं आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर नीट ताबा न राहणं), डाऊन सिंड्रोम, दुभंगलेला टाळू, स्नायूंचे आजार, वारंवार येणाऱ्या फिट, जन्मताना मेंदूला कमी पडलेला प्राणवायू अशा अनेक कारणांनी गिळणं बिघडतं. कारण काहीही असो, भरवण्याची पद्धत बदलून धोका बराच कमी करता येतो. पूर्ण घालवता येईलच असं नाही. जो उरतो त्याचं काय करायचं, हेही पुढे आहे, आणि आमच्या मते याबद्दल घरोघरी फारच कमी बोललं जातं.

गिळताना काय घडतं

घास जिभेने मागे ढकलला की मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि साधारण एक सेकंद श्वास थांबतो. तेवढ्यात घास अन्ननलिकेत उतरतो. ज्या मुलाची जीभ सावकाश चालते किंवा ज्याचं झाकण उशिरा पडतं, त्याच्या बाबतीत अन्न आधी पोचतं आणि दार मागून बंद होतं. पाणी सर्वांत वेगाने धावतं. म्हणूनच ‘भात खातो, पण पाणी पिताना खोकतो’ ही तक्रार इतक्या घरांतून ऐकू येते.

श्वासनलिकेत काही गेलं की खोकला यायला हवा. पण मेंदूला इजा असलेल्या काही मुलांना तो येतच नाही. अन्न फुफ्फुसात उतरत राहतं आणि मूल शांतपणे जेवतंय असंच दिसतं. ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

कोणत्या खुणा पाहायच्या

खोकला आणि ठसका सगळ्यांच्या लक्षात येतो. त्याहून बारीक खुणा अशा: दोन-चार घासांनंतर आवाज ओला, घरघरीत होणं, डोळ्यांत पाणी येणं, नाकपुड्या फुलणं, ओठांभोवती निळसर छटा येणं, जेवणानंतर तासा-दोन तासांत ताप चढणं, नाकातून दूध परत येणं, जेवण पाऊण-एक तास लांबणं, वजन महिनोन्महिने तिथंच अडकणं. वर्षभरात छातीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होत असेल आणि दर वेळी ‘हवा बदलली, पावसात गारठा लागला’ असं म्हटलं जात असेल, तर गिळणं तपासून घ्या. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळ्यात सर्दी-खोकला घरोघरी असतोच, त्यामुळे हे कारण तिथं सहज झाकलं जातं.

मूल झोपलेलं किंवा शांत असताना घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास हे निमोनियाचं लक्षण मानतात. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

कोणाकडे जायचं आणि काय घेऊन जायचं

हे काम वाचा व भाषा उपचारतज्ज्ञांचं, म्हणजे आपण ज्यांना स्पीच थेरपिस्ट म्हणतो त्यांचं. ‘आमचं पोर बोलत नाही म्हणून नाही, जेवत नाही म्हणून आलोय’ असं सांगायला संकोच करू नका, कारण बोलणं आणि गिळणं त्याच स्नायूंवर चालतं. मात्र प्रत्येक स्पीच थेरपिस्ट लहान मुलांच्या गिळण्याचं काम करतोच असं नाही. फोनवरच विचारा: लहान मुलांच्या गिळण्याची तपासणी करता का? भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? दुसरा प्रश्न उद्धटपणाचा नाही. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी बंधनकारक आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र उपचार केंद्राकडे पाठवतात. पथक आलं की ‘गिळायचा त्रास’ हे शब्द कागदावर लिहून घ्या, नुसता ‘अशक्तपणा’ नको. बेळगावात बिम्सचं सरकारी रुग्णालय आहे, केएलईचं रुग्णालय आहे. निपाणीकडच्या घरांना कोल्हापूर किंवा मिरज सोयीचं पडतं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून याच क्षेत्रात काम करते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. तिचं संरक्षण १ लाख रुपयांपर्यंत असतं. तिची चौकशी पहिल्या भेटीतच करा.

भेटीला जाताना मुलाला रोज जो भरवतो त्यानेच जावं. बहुतेक घरांत ती आजी असते, आणि दवाखान्यात जातात आई-वडील. मग सूचना आजीपर्यंत तोंडी पोचतात आणि वाटेत निम्म्या गळतात. घरचीच वाटी, घरचाच चमचा, रोजचाच पेला आणि रोजचंच जेवण डब्यात न्या. आदल्या दिवशी मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा. त्यात छातीपासून डोक्यापर्यंतचा भाग दिसावा. जेवणाची पहिली ५ मिनिटं आणि शेवटची ५ मिनिटं, दोन्ही हवीत. मूल दमल्यावर गिळणं बदलतं, आणि तपासणीच्या खोलीत ते दमेपर्यंत वेळ मिळत नाही. सोबत अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी, वर्षभरातल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या आणि ३ दिवसांची खाण्याची वही असली की तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं.

तज्ज्ञ तोंड, जीभ, टाळू, बैठक आणि श्वास पाहतात आणि मुलाला खाताना पाहतात. नुसत्या निरीक्षणातून न खोकता आत जाणारं अन्न खात्रीने कळत नाही. त्यासाठी बेरियम (एक्स-रेत दिसणारी पावडर) मिसळलेलं अन्न देऊन एक्स-रेखाली गिळणं पाहतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून. ही सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच असते. एक्स-रेची तपासणी काही मिनिटांचीच असते आणि त्या दिवशी मूल ताजंतवानं असेल तर घरचा त्रास तिथं दिसणारही नाही. म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी घरच्या खुणा सांगत राहा.

बैठक

मूल मांडीवर आडवं, डोकं दंडावर मागे टाकलेलं आणि वरून चमच्याने सोडलेलं अन्न: या पद्धतीत गुरुत्वाकर्षणच घास घशात ढकलतं, मुलाच्या हाती काही उरत नाही. हे एवढं थांबवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात, पाठ टेकलेली, डोकं मधोमध आणि हनुवटी किंचित खाली हवी. खुर्चीच पाहिजे असं नाही. दोन भिंतींच्या कोपऱ्यात जाड सतरंजी घालून मुलाला बसवा, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी लावा, म्हणजे खांदे पुढे येतात आणि अंग कलत नाही. खुर्ची असेल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट किंवा कापडात गुंडाळलेल्या विटा ठेवा. तळपायांना आधार नसला की मूल धड ताठ करतं, धड ताठ झालं की मान मागे जाते. अंग मागे ताणणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांखाली टॉवेलची जाड गुंडाळी घालून कंबर थोडी जास्त वाकवली की तो ताण सैल पडतो. डोकं सावरत नसेल तर मानेमागे आधार द्या, कपाळाला धरून मागे ओढू नका.

भरवणाऱ्याने समोर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा थोडं खाली बसावं. उभ्याने भरवलं की मूल वर पाहतं. टीव्ही आणि मोबाइल बंद असावेत. रडणाऱ्या, पेंगणाऱ्या, धापा टाकणाऱ्या किंवा नुकतीच फिट येऊन गेलेल्या मुलाला काहीही भरवू नका, औषधसुद्धा नाही. फिटच्या काही औषधांनी गुंगी येते आणि लाळ वाढते. डोस आणि जेवणाच्या वेळा जुळवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, औषध आपल्या मनाने बंद करू नका.

जेवणानंतर निदान अर्धा तास मूल उभ्या धडाने राहावं. जेवून लगेच आडवं केलं की पोटातलं वर येतं आणि तेही छातीत जाऊ शकतं.

घास

चमचा लहान आणि उथळ असावा. खोलगट चमच्यातलं अन्न ओठांनी ओढून घेता येत नाही. सुरुवात अर्ध्या चहाच्या चमच्याने करा, म्हणजे साधारण अडीच मिली. चमचा समोरून, सरळ आणा, जिभेच्या मध्यावर टेकवून हलका दाब द्या आणि ओठ मिटायची वाट पाहा. मग आडवाच बाहेर काढा. वरच्या दातांवर घासून अन्न आत ‘पुसू’ नका, त्याने मान मागे जाते आणि ओठ कामच करत नाहीत. एका घासाला दोनदा गिळावं लागणारी मुलं बरीच असतात. गळ्याची घाटी वर-खाली झालेली दिसल्यावर आणि तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा घास द्या. जेवण ३० मिनिटांत आटपावं. त्यानंतर मूल दमतं आणि प्रत्येक घास जास्त धोक्याचा होतो. पोट भरत नसेल तर तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणं द्या. प्रत्येक वाटीत एक चहाचा चमचा तूप किंवा तेल नीट घोटून घातलं तर साधारण ४५ कॅलरी वाढतात आणि घासही घसरता होतो.

चमचा तोंडात जाताच दात घट्ट मिटले तर ओढू नका. ओढलं की पकड आणखी आवळते. हनुवटी छातीकडे किंचित वाकवा, थांबा, पकड आपोआप सुटते. अशा मुलांसाठी न तुटणारा जाड प्लॅस्टिकचा किंवा सिलिकॉनचा चमचा वापरा. पातळ प्लॅस्टिक तुटून घशात जातं.

अन्न कसं असावं, यासाठी जगभर आयडीडीएसआय नावाची मोजपट्टी वापरतात. ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत: ० म्हणजे पाणी, ४ म्हणजे गुळगुळीत लगदा, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. तज्ज्ञांनी ‘पातळी ४’ लिहून दिलं तर चमच्यावरचा गोळा आकार धरून राहिला पाहिजे आणि चमचा तिरका करताच एकसंध खाली पडला पाहिजे, चिकटून राहता कामा नये. पातळी ५ मध्ये लहान मुलांसाठी कण २ मिमीपेक्षा रुंद नकोत. काट्याच्या चमच्याच्या दात्यांमधली फट साधारण ४ मिमी असते, तिच्या निम्मे. पातळी ६ मध्ये तुकडा ८ मिमीपर्यंत चालतो, पण अंगठ्याने नख पांढरं होईपर्यंत दाबल्यावर तो चेपला पाहिजे आणि पुन्हा फुगता कामा नये.

आपल्या स्वयंपाकघरात खरी अडचण पातळ आणि घट्ट एकत्र असलेल्या पदार्थांची आहे. आमटीत कुस्करलेली भाकरी, सांबार-भात, ताक-भात, शितं तळाशी बसलेली पेज, चहात बुडवलेलं बिस्किट हे सगळं मऊ असतं म्हणून सुरक्षित वाटतं. पण तोंडात रस वेगळा होतो आणि मूल शीत चावत असतानाच तो घशात उतरतो. भात वरणाबरोबर मऊसर घोटून एकजीव करा. भाकरी दाट वरणात किंवा दाट पिठल्यात पूर्ण मुरवून कुस्करा आणि सुटलेलं पाणी काढून टाका. पेज द्यायचीच असेल तर मिक्सरमधून काढून गाळा. सुटी, फडफडीत शितं तोंडभर पसरतात आणि जिभेला गोळा करता येत नाहीत. त्यामुळे बासमतीपेक्षा चिकट होणारा तांदूळ इथं उपयोगी.

शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, भडंग, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, ऊस, चिक्की, करदंट, अख्खी द्राक्षं आणि शेवग्याच्या शेंगेचे धागे घासात नकोत, चवीपुरतेही नकोत. अंड्याचा कोरडा बलक टाळूला चिकटतो, तो दुधात किंवा वरणात घोटावा. बेळगावचा कुंदा मऊ असला तरी दाणेदार आणि चिकट असतो. तज्ज्ञांनी हो म्हटलं तर दुधात घोटून, गाळून, चमच्याच्या टोकावर.

घोट

पाणी, दूध, ताक, चहा हे सगळं ० पातळीच्या आसपास असतं. काही मुलांना ते थोडं दाट करून दिलं की गिळायला वेळ मिळतो. काहींच्या बाबतीत उलट होतं: दाट द्रव घशात चिकटून राहतो आणि नंतर आत जातो. म्हणून तपासणीशिवाय स्वतःहून दाट करायला सुरुवात करू नका. १ वर्षाखालच्या बाळाला द्रव दाट करण्यासाठी मिळणारी झँथन गमची पावडर देऊ नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत तिच्यामुळे आतड्याचा गंभीर आजार होण्याचा धोका नोंदवला गेला आहे. मधही १ वर्षाखाली नको. आईच्या दुधात पीठ कालवून उपयोग होत नाही, त्यातला पाचकरसच पिठाला पातळ करतो.

दाटपणा मोजायला मेडिकलमधून सुईशिवाय १० मिलीची सिरिंज आणा. ० ते १० च्या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा, ते ६१.५ मिमी हवं. कमी-जास्त असेल तर त्या सिरिंजवरचं माप लागू पडत नाही. टोक बोटाने बंद करून १० मिली द्रव भरा, बोट काढा, १० सेकंद वाहू द्या, पुन्हा बंद करा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ मिली तर २, ८ च्या वर तर ३. काहीच वाहिलं नाही तर ४.

घरगुती मार्ग म्हणजे नाचणीची आंबील. सुरुवातीला २०० मिली पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे नाचणीचं पीठ थंड पाण्यात कालवून घ्या, ढवळत उकळा आणि गाळणीतून गाळा. गाठी राहिल्या तर सिरिंजचं टोक अडतं आणि चाचणी खोटी ठरते. दोन गोष्टी हमखास चुकतात. गरम असताना मोजलेली आंबील निवल्यावर बरीच दाट होते, म्हणून ज्या तापमानाला पाजणार त्याच तापमानाला मोजा. आणि पिठाची आंबील लाळेने पातळ होते, म्हणून उष्टी वाटी तासाभराने पुन्हा पाजू नका. पुढच्या वेळी पीठ वाढवायचं की कमी करायचं ते सिरिंज सांगेल. प्रमाण ठरलं की त्याच चमच्यावर, त्याच पातेल्यावर खूण करा.

दाट द्रव घेणारी मुलं दिवसभरात कमी पितात. लघवी गडद पिवळी झाली, बद्धकोष्ठ वाढला तर घोटांची संख्या वाढवा आणि तज्ज्ञांना कळवा.

उंच, अरुंद पेल्याचा काठ नाकाला लागतो आणि मान मागे जाते. प्लॅस्टिकच्या मऊ पेल्याच्या एका बाजूने नाकाच्या आकाराची खाच कापा, कडा गुळगुळीत करा आणि खाच वरच्या बाजूला ठेवून पाजा. बाटलीच्या बुचाचं भोक तापलेल्या सुईने मोठं करू नका, त्याने दुधाचा लोंढा येतो. बोंडल्याने पाजताना बाळ उभं-तिरकं धरा, थोडंसं गालाच्या बाजूला सोडा आणि गिळल्यावरच पुढचं द्या.

एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे: आंघोळीच्या वेळी नाकात तेल सोडणं, आणि नाक दाबून एरंडेल, तूप किंवा गुटी घशाखाली उतरवणं बंद करा. नाक दाबलं की मूल तोंडाने श्वास ओढतं आणि तोंडातलं सगळं छातीत जातं. तेल गेलं तर खोकलाही नीट येत नाही. ते फुफ्फुसात साठतं आणि त्याचा निमोनिया फार चिवट असतो. मायेने चालत आलेली रीत आहे, पण अशा मुलासाठी तिची किंमत फार मोठी आहे.

दात मात्र रोज दोनदा घासा, दुधाचे असले तरी. तोंडातले जंतू जितके कमी, तितकं चुकून आत गेलेल्या लाळेचं नुकसान कमी. नळीने जेवणाऱ्या मुलांचेही दात घासायचेच. जेवणानंतर गालांच्या कोपऱ्यांत अडकलेलं अन्न बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा.

धोका उरतोच तेव्हा

सगळं केल्यावरही काही मुलांच्या छातीत अन्न जात राहतं. मग डॉक्टर नाकातून किंवा पोटातून नळी घालायचा सल्ला देतात. पोटातली नळी म्हणजे मूल हरलं, असं नव्हे. पोषण आणि औषधं तिच्यातून नीट गेली की मूल टवटवीत होतं आणि तोंडाने घेतलेल्या चवीवरचा ताण उतरतो. पण सगळ्याच घरांना ती पटत नाही, काही मुलांना शस्त्रक्रिया झेपत नाही, आणि काही मुलांचा दिवसातला सगळ्यात मोठा आनंद आईच्या हातचे दोन घास हाच असतो. अशा वेळी ‘तोंडाने काहीही देऊ नका’ एवढंच सांगून उपचार करणाऱ्यांनी बाजूला होऊ नये. घरचे लपून भरवू लागतात, आणि लपून भरवणं सगळ्यांत धोक्याचं, कारण मग कुणी कुणाला काही विचारत नाही.

यासाठी धोका मान्य करून, ठरवून, लिहून खाण्या-पिण्याची पद्धत आहे. ब्रिटनच्या वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२१ मध्ये मोठ्या माणसांसाठी याबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. मुलांच्या बाबतीत काळजी आणखी जास्त हवी, कारण धोका मुलाच्या शरीराला आणि निर्णय दुसऱ्यांचा.

बसून बोलायचं ते असं. तपासणीत नक्की काय दिसलं आणि काय कळलं नाही? पर्याय कोणते, प्रत्येकाने काय मिळतं, काय जातं? मुलाला स्वतःला काय हवं आहे? बोलता न येणारं मूलही तोंड मिटून, मान फिरवून, चमच्याकडे झेपावून सांगत असतं, ते मोजा. मग ठरवा: तोंडाने काय द्यायचं, किती, कुणी, दिवसातून किती वेळा. ‘चवीपुरतं’ हा शब्द कागदावर पुरेसा नाही. ‘पातळी ४ चं, अर्धा चहाचा चमचा, सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन घास, फक्त आई किंवा आजी’ असं लिहा. निमोनिया झाला तर कुठं जायचं, तोवर तोंडाने बंद ठेवायचं का, हेही आधीच ठरवा. बालरोगतज्ज्ञ, उपचारतज्ज्ञ आणि पालक, तिघांच्या सह्या आणि पुन्हा भेटायची तारीख घाला. सही म्हणजे दोष पालकांच्या माथी मारायची पावती नव्हे. उद्या दुसऱ्या डॉक्टरांसमोर हा कागद ठेवला की घरच्यांना निष्काळजी ठरवता येत नाही. निर्णय बदलायचा हक्क घरच्यांना कधीही आहे.

भिंतीवरचा कागद

योजना फाइलमध्ये राहिली तर ती नसल्यासारखीच. एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून चुलीजवळ किंवा फ्रीजवर लावा: बैठकीचा फोटो, चमच्याचा फोटो, अन्नाची पातळी, एका घासाचं माप, जास्तीत जास्त वेळ, काय द्यायचं नाही, कुठल्या खुणेला थांबायचं आणि कुणाला फोन करायचा. सीमाभागात हा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत हवा. घरचं सगळं मराठीत चालतं, पण शाळेतल्या स्वयंपाकीण बाई, बदलीवर आलेल्या नर्स, रुग्णवाहिकेतला माणूस यांना कन्नड जवळची असू शकते. कन्नड भाग शेजारच्या कन्नड शिकलेल्या मुलीकडून लिहून घ्या आणि तज्ज्ञांना एकदा दाखवा. ‘नीरु कोडबेडी’ म्हणजे पाणी देऊ नका, ‘केम्मु बंदरे निल्लिसी’ म्हणजे खोकला आला तर भरवणं थांबवा. ही दोन वाक्यं तरी घरातल्या प्रत्येकाला म्हणता यावीत.

कर्नाटकातल्या शाळांत अक्षर दासोहाचं जेवण असतं आणि क्षीरभाग्य योजनेचं १५० मिली दूध. दोन्ही प्रेमाने वाढलं जातं, आणि अशा मुलासाठी दोन्हीत धोका आहे: सांबार-भात मिश्र, दूध पातळ. मुख्याध्यापकांना आणि स्वयंपाकीण बाईंना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा, कागद द्या आणि त्यांच्यासमोर एकदा भरवून दाखवा. वर्गातली मुलं आपल्या डब्यातला घास आपुलकीने देतात, तेव्हा शेजारी बसणाऱ्या दोघांना समजावून सांगा. लग्न, यात्रा आणि गणपतीत पाहुणे प्रसाद भरवायला पुढे येतात. नाही म्हणणं जड जात असेल तर प्रसाद हातात घ्या, घरी घोटून मापात द्या.

घास अडकलाच तर

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर पुढे झुकवून खोकू द्या, पाठ बडवू नका. आवाज बंद झाला, श्वास ओढता येत नाही, ओठ निळे पडले, तर लगेच कामाला लागा आणि दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. १ वर्षाखालचं बाळ मांडीवर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ ठोके द्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब द्या. १ वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर ५ ठोके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे ५ झटके. आलटून पालटून चालू ठेवा. न दिसणारी वस्तू बोटाने शोधू नका, ती आणखी आत जाते. मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर ठेवून छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करा. हे कागदावर वाचून येत नाही, आरोग्य केंद्रात बाहुलीवर करून शिका. घास निघाला तरी पोटावर झटके दिले असतील तर डॉक्टरांना दाखवाच. गाव रुग्णालयापासून लांब असेल आणि पावसात रस्ता तुटत असेल, तर घासाचं माप ठरवतानाच ते ध्यानात घ्यावं लागतं. शहरात चालणारा धोका तिथं चालणार नाही.

पुन्हा कधी तपासायचं

ठरलेल्या तारखेला तर जायचंच. त्याशिवाय प्रत्येक निमोनियानंतर, फिटची औषधं बदलल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, किंवा भरवणारं माणूस बदललं तरी योजना पुन्हा पाहा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत वयात येताना गिळणं अनेकदा पुन्हा बिघडतं. उंची वाढते, स्वरयंत्र खाली उतरतं, पाठीचा कणा वाकतो, आणि आठव्या वर्षी जमलेली बैठक तेराव्या वर्षी अपुरी पडते. त्या वयात ‘इतकी वर्षं हेच तर खातोय’ असं म्हणून नवा खोकला सोडून देऊ नका. वजनाची वही अंगणवाडी सुटल्यावरही चालू ठेवा, महिन्यातून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रातल्या काट्यावर. दोन-तीन महिने वजन हललं नाही किंवा उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.